रिपोर्ट हातात आल्यावर

मूत्रपिंडं निकामी झाल्याची बातमी बहुतेकदा दुसऱ्याच कामासाठी गेलेल्या माणसाला मिळते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासायला सांगितलं म्हणून, हर्नियासाठी भूल द्यायची होती म्हणून, नाहीतर महिनाभर तोंडाला चव नाही, मळमळतं म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्या खाऊन झाल्यावर कुणीतरी "एकदा रक्त-लघवी करून घ्या" म्हटलं म्हणून. संध्याकाळी लॅबवाला व्हॉट्सॲपवर कागद पाठवतो. हिमोग्लोबिन 7.2, युरिया 190 आणि त्याखाली सीरम क्रिएटिनिनच्या ओळीत ठळक अक्षरात 8.4. शेजारच्या रकान्यात नेहमीची मर्यादा असते, साधारण 0.7 ते 1.3. गावातले डॉक्टर मोबाइल दोनदा जवळ धरून बघतात आणि म्हणतात, "आबा, बीडला दाखवून घ्या. उद्याच." आबा घरी पोचायच्या आत 'किडन्या फेल' ही खबर भावकीत पोचलेली असते.

हे प्रकरण अशा आबांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. आबा नारायणगडाच्या परिसरात राहतात असं धरून ते लिहिलं आहे. नावात गड असला तरी नारायणगड काही किल्ला नव्हे. नगद नारायणाचं हे संस्थान बीड जिल्ह्यात 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखलं जातं, आणि पंढरपूरला जाणं न जमलेली माणसं आषाढीला इथे येतात. भोवतालची शेती बहुतेक कोरडवाहू. दिवाळी झाली की अनेक घरांना कुलपं लागतात, कारण घरातली माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली असतात. इथल्या माणसाला किडनीचा तज्ज्ञ हवा असतो तेव्हा त्याच्यापुढे कोणता तज्ज्ञ चांगला, एवढाच प्रश्न नसतो. तो कुठे आहे, तिथे किती वेळा जावं लागेल, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असताना कोण सोबत येईल, असे बाकीचे प्रश्नही त्याच दिवशी उभे राहतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं: पहिला रिपोर्ट आणि पहिलं डायलिसिस यांच्यामधला जो काळ हाती असतो, मग तो दोन दिवसांचा असो की दोन वर्षांचा, त्यातच रुग्णाचं पुढचं आयुष्य कसं जाणार हे बरंचसं ठरतं. आपल्याकडे नेमका तोच काळ भटकंतीत जातो.

आधी हे कळायला हवं, की आबांना इतके दिवस काहीच कसं जाणवलं नाही. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि दोन्ही मिळून दिवसाला 180 लिटरच्या आसपास द्रव गाळतात. त्यातला दीड-दोन लिटरच लघवीवाटे बाहेर पडतो, बाकीचा शरीर परत घेतं. या गाळण्या मरू लागल्या की उरलेल्या त्यांचं काम अंगावर घेतात. भावकीतले चार जण गाव सोडून गेले तरी राहिलेले दोघे सगळं शिवार कसत राहतात, आणि बाहेरच्याला वाटतं सगळं नीट चाललंय, तसंच हे. दुखत नाही, लघवीही पुरेशी होते. क्रिएटिनिनचा आकडाही सरळ रेषेत वाढत नाही. तो 1 वरून 2 झाला तेव्हा निम्मं काम गेलेलं असतं, आणि ती वाढ कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. 7 चा 8 झाला की घर हादरतं, पण त्या टप्प्यात गमावलेलं फार थोडं असतं. रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, अंगाला खाज, पायावर सूज, लघवीला न विरणारा फेस, आटोक्यात न येणारं ब्लडप्रेशर या खुणा असतात. पण खाजेला मलम मिळतं आणि सूज 'वयोमानाप्रमाणे' ठरते. बायकांच्या बाबतीत हिमोग्लोबिन कमी असणं इतकं गृहीत धरलेलं असतं, की लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं दिल्या जातात. रक्तपेशी तयार करायला सांगणारं संप्रेरक मूत्रपिंडातूनच येतं आणि ते आटलं असेल तर लोहाने भागत नाही, हे कुणी बघत नाही.

बहुसंख्य रुग्णांत मूळ कारण मधुमेह नाहीतर रक्तदाब. पण महाराष्ट्रात याहून वेगळ्या वाटाही आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, त्यातही बुलढाण्याचे संग्रामपूर आणि जळगाव जामोद हे तालुके, किडनीच्या रुग्णांसाठी गेली कित्येक वर्षं बातम्यांत आहेत. विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर नाव झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 2010 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका लहान गावातल्या किडनीच्या रुग्णांचा आणि तिथल्या पिण्याच्या पाण्यातल्या जड धातूंचा संबंध मांडला होता. तिकडे निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये ना मधुमेह ना रक्तदाब असलेले तरुण ऊसतोड मजूर किडनी निकामी होऊन दगावत असल्याचं गेल्या दोन-तीन दशकांत पुढे आलं. रोजच्या उन्हात पुन्हा पुन्हा शरीराचं पाणी आटणं, हा त्यातला मुख्य संशयित. आपला गळीत हंगाम थंडीत सुरू होतो हे खरं. पण फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात फडात वाकलेला आणि कंबरदुखीसाठी मेडिकलमधून पुड्या बांधून आणणारा माणूस आपल्या ओळखीचा आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. पाणी आटलेल्या शरीरात तर त्या फारच महागात पडतात.

रिपोर्ट आल्यावर पहिल्या तासात एकच गोष्ट तपासायची: आत्ता जिवाला धोका आहे का? आडवं पडल्यावर धाप लागते, बरळणं किंवा गुंगी आहे, झटका आला, लघवी जवळजवळ बंद झाली, किंवा रक्तातलं पोटॅशियम साडेसहाच्या वर गेलं, तर तज्ज्ञाची अपॉइंटमेंट शोधत बसायचं नाही. 108 ला फोन करून जवळच्या जिल्हा रुग्णालयात जायचं. वाढलेलं पोटॅशियम हृदय थांबवू शकतं, आणि त्याआधी फारशी सूचना देत नाही. यातलं काही नसेल, तर मात्र श्वास घ्यायला वेळ आहे. घाबरून त्याच रात्री पुण्याला गाडी काढायची गरज नाही.

पुढचा प्रश्न डॉक्टरांचा आहे, पण तो घरच्यांनाही माहीत हवा: हा आजार नवा की जुना? जुलाब-उलट्यांनी, वेदनाशामकांनी, लेप्टोसारख्या तापाने, घोणस चावल्याने मूत्रपिंडं अचानक बंद पडतात, आणि योग्य वेळी आधार मिळाला तर काही आठवड्यांत बरीचशी पुन्हा सुरू होतात. घोणस चावलेल्या तरुणाचं क्रिएटिनिन 9 असेल तर त्याचा अर्थ त्याला जन्मभर डायलिसिस लागणार असा नाही. साठीपुढच्या पुरुषाची प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवी तुंबली असेल तर नळी घातल्यावर तोच आकडा आठवड्यात झरझर उतरताना दिसतो. उलट, वर्षानुवर्षं चाललेल्या आजारात सोनोग्राफीत मूत्रपिंडं आक्रसलेली दिसतात. एरवी त्यांची लांबी नऊ ते अकरा सेंटिमीटर असते. (मधुमेहात ती जुन्या आजारातही नेहमीच्या आकाराची दिसू शकतात, म्हणून नुसत्या सोनोग्राफीवर निकाल लागत नाही.) निर्णायक पुरावा अनेकदा घरातल्या पत्र्याच्या पेटीत असतो. चार वर्षांपूर्वीच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनची फाईल, गावात झालेल्या आरोग्य शिबिराचा कागद, विमा काढताना केलेली तपासणी. त्यात क्रिएटिनिन 2.1 दिसलं, की तज्ज्ञाला पंधरा दिवसांच्या तपासण्यांनी जे कळलं असतं ते एका नजरेत कळतं. म्हणून तज्ज्ञाकडे जाताना कागद तारखेप्रमाणे लावून न्यावेत आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकावीत. पुड्या, काढे, चूर्णंसुद्धा न लाजता दाखवावीत.

तज्ज्ञ म्हणजे कोण, याचाही घोळ होतो. मुतखडा, प्रोस्टेट, अडलेली लघवी यांची शस्त्रक्रिया करतात ते युरॉलॉजिस्ट. मूत्रपिंडाचं गाळण्याचं कामच मंदावलं असेल तर पाहिजे तो नेफ्रॉलॉजिस्ट. एमडी झाल्यावर तीन वर्षं फक्त या एका अवयवाचा अभ्यास केलेला डॉक्टर. गावात दोघांनाही 'किडनीचे डॉक्टर' म्हणतात आणि पहिला महिना चुकीच्या दवाखान्यात जातो. दवाखान्याच्या पाटीवर डीएम किंवा डीएनबी नेफ्रॉलॉजी अशी पदवी आहे का, एवढं वाचून घ्यावं. बीडकरांची वाट साधारण ठरलेली असते. पहिली धाव जिल्हा रुग्णालयात, पूर्वेकडच्या तालुक्यांची अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात, पुढे छत्रपती संभाजीनगरला घाटीचं सरकारी किंवा एखादं खासगी रुग्णालय, नाहीतर थेट पुणे. बीडपासून संभाजीनगर सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर. तिथे आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाऊन-येऊन करायचं म्हटलं तर पावणेआठशे किलोमीटर होतात. माणूस आजाराने नाही तर प्रवासाने खचेल. माझा स्पष्ट सल्ला असा, की तज्ज्ञ लांबचा चालेल, डायलिसिस जवळचं हवं. महिन्या-दोन महिन्यांनी तज्ज्ञाकडे जाऊन औषधं, वजन, पुढचा बेत ठरवून यायचं आणि आठवड्याची वारी बीडमध्येच करायची. त्यासाठी तज्ज्ञाला पहिल्याच भेटीत सांगावं लागतं, "डॉक्टरसाहेब, आम्ही नारायणगडाकडचे आहोत, आमच्या सोयीने लिहून द्या." बहुतेक डॉक्टर देतात. न सांगता त्यांना ते कळत नाही.

महाराष्ट्रात अनपेक्षित निदानाची सगळ्यांत गाजलेली घटना एका बिहारी माणसाची आहे. जयप्रकाश नारायण (जेपी) यांना आणीबाणी लागताच 26 जून 1975 च्या पहाटे दिल्लीत अटक झाली आणि पुढचे महिने त्यांना चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत स्थानबद्ध ठेवण्यात आलं. 12 नोव्हेंबरला पॅरोलवर सुटका झाली तेव्हा प्रकृती पार ढासळली होती. दिल्लीहून त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं गेलं. तिथे डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली मूत्रपिंडं निकामी झाल्याचं निदान पक्कं झालं आणि डायलिसिस सुरू झालं. वय 73. मोठ्या संस्थेत डॉक्टरांच्या नजरेसमोर राहिलेल्या, देशभर नाव असलेल्या माणसाचा हा आजार इतक्या उशिरा उघड होतो, तर तालुक्याच्या गावातल्या आबांनी स्वतःला बोल लावून घेण्याचं कारण नाही.

जसलोक तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचं होतं, आणि 1973 मध्ये त्याचं उद्घाटन जेपींना स्थानबद्ध करणाऱ्या सरकारच्या पंतप्रधान इंदिरा गांधींच्याच हस्ते झालं होतं. घरी वापरता येईल असं डायलिसिस यंत्र घेण्यासाठी जेपींच्या चाहत्यांनी लोकांकडून छोट्या छोट्या देणग्या जमवायला सुरुवात केली. पंतप्रधान निधीतून 90,000 रुपये आले. जेपींनी ते परत केले. यंत्र लोकांच्याच पैशांतून आलं. पाटण्यातल्या घरी डायलिसिस घेत त्यांनी जवळजवळ चार वर्षं काढली, आणि ती नुसती अंथरुणावर पडून काढली नाहीत. 1977 ची निवडणूक, जनता पक्षाची जुळवाजुळव हे सगळं त्याच काळातलं. मार्च 1979 मध्ये ते जसलोकमध्ये असताना लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा होऊन श्रद्धांजलीही वाहिली गेली, आणि मग ते जिवंत असल्याचं कळलं. त्यानंतरही ते सहा महिन्यांहून अधिक जगले. निधन झालं ते 8 ऑक्टोबर 1979 रोजी. डायलिसिस म्हणजे आता संपलंच, असं म्हणणाऱ्या पाव्हण्यांना हा हिशेब जरूर सांगावा.

डायलिसिसचं यंत्र त्याआधी तीसेक वर्षांचं. जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये विलेम कोल्फ नावाच्या तरुण डॉक्टरने 1943 मध्ये सॉसेजच्या आवरणासाठी वापरायची सेलोफेनची नळी फिरत्या पिंपावर गुंडाळून रक्त गाळायचं यंत्र बनवलं. पहिली रुग्ण वाचली ती 1945 मध्ये, सदुसष्ट वर्षांची बाई. पण अडचण यंत्राची नव्हती, रक्तवाहिनीची होती. दर वेळी नवी शीर कापायची, आणि शिरा संपल्या की उपचार संपले. 1960 मध्ये अमेरिकेत सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातावर कायमची टेफ्लॉनची नळी बसवण्याची युक्ती काढली, आणि 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी त्याहून साधी गोष्ट केली: मनगटाजवळची रोहिणी आणि शीर एकमेकींना जोडून टाकली. तिला फिस्टुला म्हणतात. इकडे मुंबईच्या केईएममध्ये 1965 साली देशातल्या पहिल्या मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा प्रयत्न झाला. वेल्लोरला 1971 मध्ये ते पहिल्यांदा यशस्वी झालं. केईएमच्या नेफ्रॉलॉजी विभागाच्या प्रमुख राहिलेल्या डॉ. विद्या आचार्य या देशातल्या पहिल्या महिला नेफ्रॉलॉजिस्ट.

या इतिहासातला फिस्टुला आबांच्या उद्याच्या दिवसाशी जोडलेला आहे. रिपोर्ट आला त्या दिवसापासून डावा हात राखून ठेवायचा, डावखुऱ्याने उजवा. त्या हाताच्या पुढच्या भागात सलाईनची सुई नको, रक्त काढणं नको. दवाखान्यातल्या सिस्टरला आधी सांगायचं, "ताई, या हाताला नको." उद्धट वाटलं तरी चालेल. फिस्टुलाचं ऑपरेशन तास-दीड तासाचं असतं, तेवढ्या जागेची भूल देऊन होतं. पण जोडलेली शीर फुगून, भिंत जाड होऊन सुई टोचण्याजोगी व्हायला सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. नीट झालेल्या फिस्टुलावर बोट ठेवलं तर आत सतत थरथर जाणवते. रोज सकाळी उठल्यावर ती बघायची, आणि थांबलेली वाटली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. जे वेळेत तज्ज्ञाकडे जात नाहीत, त्यांचं डायलिसिस अपरात्री मानेत नळी घालून सुरू होतं. त्या नळीतून जंतुसंसर्ग होतो, थंडी वाजून ताप येतो, आणि डायलिसिसच्या रुग्णांचे पहिल्या काही महिन्यांतले कितीतरी मृत्यू अशा संसर्गाने होतात. हिपॅटायटिस बीची लसही याच काळात घ्यायची असते. तिचे डोस महिन्यांच्या अंतराने असतात, त्यामुळे आधी सुरू केलेली बरी.

डायलिसिस कधी सुरू करायचं याबद्दल मात्र घाई नको. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये 828 रुग्णांवर झालेल्या, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लवकर डायलिसिस सुरू केलेले आणि लक्षणं येईपर्यंत थांबलेले, असे दोन गट होते. जगण्यात फरक पडला नाही. क्रिएटिनिन आठ आहे, एवढ्यावर मशीनला जोडा म्हणणाऱ्याला कारण विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे: पाणी साठलंय का, पोटॅशियम औषधाने उतरत नाही का, उलट्या थांबत नाहीत का? आणि ऐंशी पार केलेल्या, हृदयही थकलेल्या माणसाने डायलिसिस न घेता औषधांवर आणि आरामावर उरलेला काळ घरी काढायचा ठरवलं, तर तोही वैद्यकीय निर्णयच आहे. तो तज्ज्ञाशी बोलून घ्यावा. पैसे नाहीत म्हणून गुपचूप घेऊ नये.

कारण पैशाचं काही तरी होतं. 2016 पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांना मोफत डायलिसिस मिळतं. राज्याची योजना त्याआधीची. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि 2017 मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना शुभ्र रेशनकार्ड असूनही तिचा लाभ होता, आता ती सगळ्यांसाठी खुली आहे. प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर गेली. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' अशी पाटी लावलेलं टेबल असतं. भरती होण्याआधी तिथे रेशनकार्ड आणि आधार दाखवायचं, नंतर नाही. शिवाय मोठी ट्रस्टची रुग्णालयं धर्मादाय असतात, आणि त्यांना दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत व दहा टक्के दुर्बलांना सवलतीत द्याव्याच लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ही योजना घालून दिली. पुण्या-मुंबईला जायची वेळ आली तर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला खिशात हवा. एसटीच्या साध्या बसमध्ये डायलिसिसच्या रुग्णाला प्रवास सवलत आहे, हे कित्येकांना वर्षभर कळत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला रुग्ण असेल तर कारखान्याच्या जवळ योजनेतलं केंद्र आहे का, हे उचल घेण्याआधी बघावं. फड कर्नाटकात असेल तर हे गणित पुन्हा मांडावं लागतं.

एका डायलिसिसला चार तासांत सुमारे 120 लिटर शुद्ध पाणी लागतं, आणि ते शुद्ध करताना वाया जातं ते वेगळंच. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं. अशा मुलखात डायलिसिस केंद्र चालवणं म्हणजे टँकरचीही व्यवस्था बघणं. म्हणून मला वाटतं, आपल्या भागात पोटातल्या डायलिसिसचा विचार होतो त्यापेक्षा जास्त व्हायला हवा. पोटात बसवलेल्या मऊ नळीतून दोन लिटरची पिशवी आत सोडायची, काही तासांनी काढून टाकायची. दिवसातून तीन-चार वेळा, घरीच. प्रवास नाही, वीज गेली तरी अडत नाही. स्वच्छ खोली, हात धुण्याची शिस्त आणि पिशव्यांचा नियमित पुरवठा मात्र लागतो, आणि तिथेच बऱ्याच जणांचं अडतं. तज्ज्ञाला निदान विचारावं तरी.

आता खाण्याचं. आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक पाव्हणा शहाळं घेऊन येतो. निरोगी माणसाला ते उत्तम. आबांना ते पोटॅशियमचं भांडं. 'भरपूर पाणी प्या, किडनी धुऊन निघेल' हा सल्ला मुतखड्याचा. लघवी कमी झालेल्या माणसाच्या ते पाणी फुप्फुसांत साचतं. आणि वारकरी घरात सगळ्यांत नाजूक प्रश्न एकादशीचा. साबुदाणा आणि भगर यांनी फारसं बिघडत नाही. बिघडतं ते शेंगदाण्याचा कूट, बटाटा, रताळं, केळी आणि खजूर यांनी. हे पाचही पदार्थ पोटॅशियमने भरलेले, आणि उपवासाच्या ताटात पाचही एकत्र. सैंधव चालतं अशीही समजूत आहे, पण सैंधव हे मीठच. बाजारातलं 'लो सोडियम' मीठ तर त्याहून वाईट, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. माळकरी आबांना "उपवास सोडा" असं फर्मावण्यात अर्थ नाही, ते सोडणार नाहीत. बिनकुटाची भगर आणि थोडं दही यावर एकादशी निभावते का, हे आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावं. रोजच्या पालेभाज्या आणि बटाटे चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं की पोटॅशियम बरंच उतरतं. लोणचं, पापड, खारवलेली मिरची मात्र बंदच.

मग येते जडीबुटी. अमुक गावात एक जण आहे, तीन पुड्यांत क्रिएटिनिन उतरवतो. असा माणूस प्रत्येक तालुक्यात असतो. आकडा कधी कधी उतरतोही. खाणं तुटल्याने स्नायू झडले की क्रिएटिनिन कमीच तयार होतं. माणूस वाळतोय, हे कागदावर सुधारणा म्हणून दिसतं. काही भस्मांत पारा आणि शिसं असतं, आणि ते बाहेर टाकायचं काम ज्या अवयवाचं तोच बंद पडलेला. या भटकंतीत दोन-तीन महिने जातात, म्हणजे एक फिस्टुला तयार होण्याएवढा काळ.

प्रत्यारोपण शक्य असेल तर डायलिसिसपेक्षा ते सरस, आणि त्याची चर्चा पहिल्याच महिन्यात करावी. कायद्याने आई-वडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको, आणि 2011 च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडंही जवळचे दाते मानले जातात. मेंदुमृत दात्याच्या किडनीसाठी मराठवाड्यातल्या रुग्णाची नोंद छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय अवयव प्रत्यारोपण समितीकडे रुग्णालयामार्फत होते. पैसे देऊन दाता आणतो म्हणणारा दलाल भेटला तर कायद्यात दहा वर्षांपर्यंत कैद आहे, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असावं. आणखी एक गोष्ट बोलायला अवघड, पण बोलली पाहिजे. आपल्या देशात जिवंत दाते बहुतेक बायका असतात, आई किंवा बायको, आणि ज्यांना किडनी मिळते ते बहुतेक पुरुष. दात्याची तपासणी करणाऱ्या डॉक्टरने त्या बाईशी एकटीला बसवून बोलावं, असा आग्रह घरच्यांनीच धरावा. नको म्हणायची तिला मुभा आहे, आणि तिने नको म्हटलं तर 'तपासणीत जमलं नाही' एवढंच बाहेर सांगायची पद्धत अनेक चांगल्या केंद्रांत असते.

आबांची फाईल तज्ज्ञाच्या टेबलावर असते त्याच दिवशी त्यांच्या भावंडांची आणि मुलांची तपासणी करून टाकावी. रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन. खर्च मोठा नाही, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही यातलं बरंचसं होतं. सोनोग्राफीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठीच गाठी दिसल्या असतील, तर तो आजार प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. थोरल्याचं क्रिएटिनिन आज 1.6 निघालं, तर त्याच्या हातात अजून कित्येक वर्षं आहेत. त्याला आत्ताच, वडिलांच्याच नेफ्रॉलॉजिस्टकडे, वेगळा केसपेपर काढून दाखवावं.